ट्वायलाच्या नावाने सवलत

केसिंजरच्या बंदुकांच्या दुकानात पाऊल टाकलं आणि लडॉनाला समोरच ट्वायला दिसली. तिपाईवर उभा केलेला मोठाच्या मोठा फोटो. 'घर विकणे आहे'च्या पाट्यांवर असायचा तोच. निळा कोट, मोत्याचे डूल आणि जरा जास्तच उघडे पडलेले दात. फोटोच्या कोपऱ्याला जांभळी रिबीन बांधली होती आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'ट्वायलाच्या स्मरणार्थ: आज सर्व महिलांना खास सवलत.'

लडॉना तिथेच उभी राहिली. तिला वाटलं, आल्या पावली परत फिरावं. पण मागून मार्सी आली आणि तिनं तिला कोपरानं हलकेच आत ढकललं. मार्सी म्हणजे त्यांच्या ऑफिसची मॅनेजर.

"छान केलंय ना गं? शेरिलला दुकान सजवायची दृष्टीच आहे."

लडॉना आणि ट्वायला बेल्डन गावात घरं विकायच्या. एकाच ऑफिसात, शेजारशेजारच्या टेबलांवर. मार्च महिन्यात एका माणसानं घर बघायचंय म्हणून फोन केला. ट्वायला तळ्याकाठच्या एका रिकाम्या घराची किल्ली घेऊन गेली आणि संध्याकाळी शेरीफच्या पोलिसांना ती त्या घराच्या गॅरेजमध्ये सापडली. त्या माणसाला पकडलं, तो तुरुंगात आहे. पण तेव्हापासून गावातली प्रत्येक एजंट रिकाम्या घराचं दार उघडताना आधी श्वास रोखते. म्हणून मार्सीनं फतवा काढला होता, की शनिवारी केसिंजरकडे बायकांसाठी कार्यक्रम आहे, सगळ्यांनी यायचं आणि रोज अंगावर बाळगता येईल असं पिस्तूल निवडूनच घरी जायचं.

आत पंधरा-वीस बायका होत्या. तोफखान्यासारख्या लावलेल्या शिकारी बंदुकांच्या खाली गुलाबी कापड अंथरलेली दोन टेबलं. एकावर लिंबू सरबत, मसाला भरलेली उकडलेली अंडी आणि केक. केक पिस्तुलाच्या आकाराचा होता. करड्या साखरेची नळी, चॉकलेटची मूठ, आणि नळीच्या तोंडाशी लाल जेलीचा एक ठिपका.

"नळी कुणाला हवी?" शेरिल सुरी परजत विचारत होती. शेरिल ही दुकानदार वेन केसिंजरची बायको. "अगं लडॉना, राणी, ये ये! तुला मी चापाचा तुकडा देते, त्यात सगळ्यात जास्त क्रीम आहे."

नको म्हणायच्या आत बशी लडॉनाच्या हातात आली. तिनं एक घास घेतला. तो फार गोड होता, तेलकट होता, आणि टाळूला जो चिकटला तो खाली उतरेना.

दुसऱ्या टेबलावर पिस्तुलं मांडली होती. शेरिल एकेक उचलून दाखवायला लागली. प्लॅस्टिकचे डबे विकावेत तसा आवाज, तसंच हसू.

"हे बघा, हे सगळ्यात चिमुकलं. खिशात टाका, पर्समध्ये टाका, कळणारसुद्धा नाही. हे याच्याहून थोडं मोठं, पण पातळ, घट्ट जीन्समध्येसुद्धा उठून दिसत नाही. गोळ्या जास्त मावतात. हे त्याहून जाड, हाताला छान बसतं, पण मग ब्लाउज सैल घालावा लागतो. आणि रंग बघा! मोरपंखी, जांभळा, गुलाबी. काळंच घ्यायला पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "माझ्या चपलांना मॅच होणारं दे गं." पुन्हा हशा.

लडॉनाची नजर त्या मोरपंखी पिस्तुलावर खिळली होती. ते तिच्या ओळखीचं होतं.

दोन वर्षांपूर्वी याच दुकानात, याच काउंटरपाशी ती ट्वायलाबरोबर उभी होती. ट्वायलानं असंच मोरपंखी पिस्तूल हातात घेतलं होतं, आणि वरची सरकती स्लाइड मागे ओढून बघत होती. स्लाइड मागे ओढून सोडल्याशिवाय गोळी नळीत चढत नाही, आणि या इवल्याशा पिस्तुलाची स्प्रिंग भलतीच कडक. ट्वायलानं ओठ चावले, कोपरं वर केली, दात दाखवत हसली, पण स्लाइड अर्ध्यावरून पुढे सरकेना. शेवटी वेननं तिच्या हातातून ते घेतलं, खटकन ओढलं आणि म्हणाला, "नवीन आहे, सैल होईल." लडॉना म्हणाली होती, "तिला ते साधं रिव्हॉल्व्हर दाखव ना, त्याला काही ओढावं लागत नाही." तर वेन म्हणाला होता, "ते आज्यांचं हत्यार. तुझी मैत्रीण आजी दिसते का?" ट्वायला लाजून हसली होती आणि तिनं मोरपंखी घेतलं होतं.

"आणि मैत्रिणींनो," शेरिलचा आवाज एकदम हळवा झाला. तिनं छातीवर हात ठेवला आणि दाराकडे पाहिलं. "मला रोज रात्री एकच वाटतं. त्या दिवशी ट्वायलाकडे यातलं एक जरी असतं ना..."

बायकांनी माना खाली घातल्या. मार्सीनं डोळे पुसले.

लडॉनानं बशी टेबलावर आदळली.

"होतं की," ती म्हणाली.

"काय गं?"

"तिच्याकडे होतं. हेच. हाच रंग. इथूनच घेतलेलं, तुझ्या नवऱ्याच्या हातून. मी बरोबर होते. तिच्या नवऱ्यानं मला सांगितलं, ते पर्समध्ये सापडलं. नळीत गोळी नव्हती. गोळी चढवून ठेवायची तिला भीती वाटायची, आणि ऐनवेळी चढवायला तिच्या बोटांत जोर नव्हता."

शेरिलचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याच्या आतलं माणूस निघून गेल्यासारखं वाटलं.

"राणी, आज नको ना," ती कुजबुजली. "आजचा दिवस तिच्यासाठी आहे."

मागच्या खोलीतून वेन बाहेर आला. धिप्पाड माणूस, शर्टाच्या खिशात पेनं. त्यानं सगळं ऐकलं असावं.

"हे बघ लडॉना, मलाही वाईट वाटतं. पण मी तिला सांगितलं होतं, अंगावर ठेव, पर्समध्ये ठेवू नकोस. नळीत गोळी ठेव. सराव कर. ऐकलं नाही तिनं. आता मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं?"

"बोललास की तू आत्ता."

"अगं पण..."

"मेली ती तिच्याच चुकीनं, असंच ना? आणि फोटो मात्र दाराशी तुझ्या सवलतीसाठी."

"लडॉना!" मार्सी पुढे आली. "पुरे. आपण सगळ्या इथे स्वतःच्या रक्षणासाठी आलोय, तू सगळ्यांचा मूड घालवू नकोस."

मूड! लडॉनानं आजूबाजूला पाहिलं. बायका तिच्याकडे बघत होत्या ते रागानं. जेवणाच्या ताटावर कुणी मेलेल्या उंदराचं नाव काढावं, तसं. आणि त्यांच्यात केल्सी उभी होती, ऑफिसात नुकतीच लागलेली, बारीक मनगटांची पोरगी. तिच्या हातात मोरपंखी पिस्तूल होतं. तिनं ते केव्हाच निवडून ठेवलं होतं.

लडॉना तिच्याजवळ गेली. "केल्सी, ओढून दाखव बाळा."

"काय?"

"वरची स्लाइड. ओढ."

वेननं आधी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून दिली. केल्सीनं ओढलं. तिचा चेहरा लाल झाला, स्लाइड जराशी सरकली आणि परत पुढे गेली. तिनं पुन्हा जोर लावला तेव्हा तिचं नख तुटलं आणि ती "आई गं!" म्हणून बोट चोखायला लागली. वेननं हात पुढे केला.

"आण इकडे, नवीन आहे, सैल होईल."

"हात काढ," लडॉना म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की वेननं खरंच हात मागे घेतला. "तू तिच्याबरोबर जाणार आहेस का घर दाखवायला? तिचं तिला जमलं पाहिजे."

मग तिनं शेरिलच्या टेबलावरचं थोडं मोठं, पातळ पिस्तूल केल्सीला दिलं. त्याची स्लाइड ओढली गेली, पण दोनदा अडखळली. त्याला बाजूला एक छोटा खटका होता, तो खाली केल्याशिवाय गोळी सुटत नाही. केल्सी तो विसरली आणि नुसताच चाप दाबत राहिली. लडॉनानं काउंटरच्या काचेखाली कोपऱ्यात पडलेलं रिव्हॉल्व्हर मागितलं. बसकं, काळं, पाच गोळ्यांचं. खटका नाही, काही ओढायचं नाही. चाप जड होता. केल्सीनं दात आवळून दाबला, चक्र फिरलं, 'टक्' झालं. तिनं पुन्हा दाबला. पुन्हा 'टक्'.

"हे जमतंय," केल्सी म्हणाली, जरा नवल वाटून.

"गोळ्या पाचच," लडॉना म्हणाली. "भरायला वेळ लागतो. झटका वाईट बसतो. पण निदान दाबलं तर सुटेल तरी."

"अगदी बरोबर!" वेन म्हणाला.

लडॉनानं मान वळवली. वेनच्या डोळ्यांत चमक आली होती.

"लडॉना जे सांगतेय ना मैत्रिणींनो, ते अनुभवाचे बोल आहेत. ज्यांना स्लाइड जड जाते, त्यांच्यासाठी रिव्हॉल्व्हरसारखं दुसरं काही नाही. मी नेहमीच सांगतो. ट्वायलाच्या बाबतीत जे झालं ते तुमच्या बाबतीत व्हायला नको. शेरिल, मागून रिव्हॉल्व्हरचा खोका आण!"

शेरिल धावलीच. बायका काउंटरपाशी सरकल्या. मघाशी रागानं बघणाऱ्या आता लडॉनाला विचारायला लागल्या, "माझ्या हाताला कुठलं बसेल गं?" "याची मूठ लहान मिळते का?" कुणीतरी तिच्या पाठीवर थोपटलं. खोका आला, झाकण उघडलं, आणि एकीनं मोठ्यांदा विचारलं, "यात जांभळं नाही का?"

वेन लडॉनाच्या कानाशी वाकला. त्याच्या तोंडाला केकचा वास येत होता. "माझ्याकडे कामाला ये. चेष्टा नाही करत. शेरिलच्यानं एका दिवसात इतकी खपत नाहीत."

लडॉनाला तोंडाशी हात न्यावा लागला. तिनं केल्सीकडे पाहिलं. ती फॉर्म भरत होती, बोटाला रुमाल गुंडाळून, जीभ किंचित बाहेर काढून. तिला काय सांगायचं? घेऊ नकोस? आणि मग सोमवारी रिकाम्या घरात जा?

ती दाराकडे चालायला लागली. जाता जाता तिनं तिपाईवरून ट्वायलाचा फोटो उचलला.

"अगं, तो आमचा आहे!" शेरिल ओरडली. "छापायला पैसे दिलेत आम्ही!"

लडॉनानं मागे पाहिलं नाही. फोटो गाडीच्या मागच्या सीटवर मावेना. तिनं तो तिरका घातला, आणि मग कागद टराटरा फाडून सवलतीची ओळ वेगळी काढली. दुकानाच्या भिंतीला टेकून ती खूप ओकली. केक होता तेवढा सगळा बाहेर आला.

त्याच दुपारी ती शेजारच्या तालुक्याला गेली. तिथल्या एका दुकानात कुणाशी फार न बोलता तिनं तसंच काळं, बसकं रिव्हॉल्व्हर विकत घेतलं. दुकानदारानं "आणखी काही?" विचारलं, तर ती म्हणाली, "आरसा आहे का?" तो आत, बाथरूममध्ये आहे म्हणाला. तिला काही आरसा बघायचा नव्हता. तिला चूळ भरायची होती.

सोमवारी तिनं ते कमरेला लावलं, शर्टाच्या आत. कातडीला थंडगार लागत होतं. ती गावाबाहेरचं एक शेतघर दाखवायला गेली. गिऱ्हाईक वेळेवर आलं. तिशीतला एकटा माणूस, हसतमुख, टोपी काढून बोलणारा. बायको पुढच्या महिन्यात बाळंत होणार म्हणाला. लडॉना त्याला खोल्या दाखवत होती आणि त्याचं एकही वाक्य तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. ती त्याच्या हातांकडे बघत होती. खिशात गेले, बाहेर आले, खिडकीला लागले, खाली आले.

स्वयंपाकघरात ती वरचं कपाट उघडायला गेली तशी शर्टाची कड वर सरकली. तो बघून हसला.

"रिव्हॉल्व्हर? मी पैज लावतो, पाचचं आहे."

तिनं शर्ट खाली ओढला.

"चांगलं आहे, पण जरा जाड पडतं. हे बघा, माझं." त्यानं मोठ्या कौतुकानं स्वतःचा शर्ट वर केला. पट्ट्यात काळं, पातळ पिस्तूल होतं. "दहा मावतात, आणि दिवसभर कळतसुद्धा नाही. बायकोलाही असंच घेतलंय, तिचं पोट मोठं झाल्यापासून ती पर्समध्ये ठेवते. तुम्ही हातात घेऊन बघा हवं तर."

"नको," लडॉना म्हणाली.

"अहो बघा तरी, रिकामं करून देतो..."

"नको म्हटलं ना."

तो जरा ओशाळला. शर्ट खाली केला, आणि वरच्या मजल्यावर किती खोल्या आहेत ते विचारलं. तिनं जिना दाखवला. "तुम्ही बघून या, मी बाहेर आहे," ती म्हणाली, आणि अंगणात पंपाजवळ जाऊन, घराकडे तोंड करून, तो खाली येईपर्यंत उभी राहिली. त्याला घर आवडलं. शुक्रवारी बायकोला घेऊन येतो म्हणाला.