अस्तर की पिशवी

आमचं दुकान बॅगांच्या दुरुस्तीचं. चेन बसवणं, हँडल शिवणं, अस्तर घालणं ही कामं माझी आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं नवऱ्याचं, कारण मला ते जमत नाही. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी तपासून "पिशवीचं अस्तर जाड झालंय" असं सांगितलं, तेव्हा आपण टेबलाच्या चुकीच्या बाजूला बसलोय असं मला वाटलं.

अंगावरून जाण्याचा हा त्रास बरेच दिवस चालला होता. अर्धा महिना मी गडद कपड्यांत आणि उरलेला अर्धा धास्तीत. कुणाकडे गेले तरी सोफ्यावर टेकायची नाही, उभ्यानेच गप्पा मारायची. लोक म्हणायचे, केवढा हिचा उत्साह! आणि इथे रक्त इतकं कमी झालेलं, की मशीनवर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. गोळ्या घेऊन झाल्या. औषधाची तांबी बसवून झाली, ती टिकली नाही. आतला तुकडा तपासायला पाठवला, त्यात वाईट काही निघालं नाही हे नशीब. आता दोन वाटा उरल्या होत्या. अस्तर जाळायचं, नाहीतर पिशवीच काढायची. मला दोन्ही चालण्यासारख्या होत्या, तेव्हा कुठली धरायची ते मीच ठरवून पुढच्या भेटीत सांगायचं होतं.

"जाळायचं?" मी तिथल्या तिथे भडकले. "अहो, अस्तर उसवतात. जाळलं तर पिशवी वाया जाते."

"नवं घालायचं असेल तर उसवावं," बाई शांतपणे म्हणाल्या. "आपल्याला नवं यायलाच नकोय."

धंद्यातल्या गोष्टीवर मला कुणी शिकवत नाही, पण हा मुद्दा मी मनात टिपून घेतला.

दुकानात आले तर नवरा काउंटरखाली घुसून काहीतरी शोधत होता. कामाची कात्री हातात घेत मी विचारलं, "काय हो, पिशवी ठेवू की काढू?"

"काढ, काढ," खालून आवाज आला. "किती दिवस झाले, नुसती जागा अडवून बसलीये. आता कोण विचारतंय तिला!"

मी हातातली कात्री आधी खाली ठेवली. मग कळलं, की तो माळ्यावरच्या निळ्या पिशवीबद्दल बोलत होता, जी टाकून गिऱ्हाईक पसार झालं होतं. खरा प्रश्न समजल्यावर त्याचा चेहरा इतका पडला, की मलाच त्याला चहा करून द्यावा लागला. "तू म्हणशील ते," तो म्हणाला, आणि त्यानंतर दुसरं काही म्हणेचना. अशा प्रेमाचं काय लोणचं घालायचं?

तोवर बातमी सासरी पोचली होती. मोठ्या जाऊबाईंची पिशवी बारा वर्षांपूर्वीच काढलेली. त्या ड्रायव्हिंग स्कूल चालवतात, त्यामुळे शेजारी बसलेल्या प्रत्येक माणसाला सूचना द्यायची त्यांना सवय आहे. नणंदेने दोन वर्षांपूर्वी अस्तर जाळून घेतलेलं. ती पन्नाशीला टेकली तरी घरात बेबीच आहे आणि वॉशिंग मशीनच्या दुकानात विक्रीला असते.

"काढ आणि मोकळी हो," जाऊबाईंनी फोनवर फर्मावलं. "मला बघ. एक थेंब नाही!"

"वहिनी, अजिबात ऐकू नकोस," दुसऱ्या फोनवर बेबी. "टाका नाही, कापाकापी नाही, भूल उतरली की घरी. तिसऱ्या दिवशी मी दुकानात उभी होते."

"अजून डाग लागतात ते सांगितलं का तिने?" पुन्हा जाऊबाई.

"जरासेच! आणि दीड महिना त्यांना बादली उचलता येत नव्हती, ते सांगितलं का त्यांनी?"

मी बरी व्हावी असं दोघींनाही मनापासून वाटत होतं, पण आपल्या पद्धतीने. मी जे निवडीन त्यावर घरातली शहाणी कोण ते ठरणार होतं. त्या ओढाताणीत मला स्वतःला काय हवंय ते ऐकूच येईना. शेवटी वैतागून मी म्हटलं, चला दोघी माझ्याबरोबर, आणि काय भांडायचं ते डॉक्टरांपुढे भांडा.

गाडी अर्थात जाऊबाईंनीच चालवली. खोलीत दोनच खुर्च्या होत्या, म्हणून बेबीला स्टूल मिळालं आणि ती आधीच हरल्यासारखी दिसायला लागली.

बाईंनी दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघीही खरं बोलताय. पिशवी काढली की रक्तस्राव कायमचा थांबतो, पण शस्त्रक्रिया मोठी, सावरायला आठवडे लागतात. अस्तराचं काम छोटं, पण सगळ्यांचं पूर्ण थांबतं असं नाही. पाचातल्या एखादीला पुढे पुन्हा काहीतरी करावं लागतं. समाधानी बायका दोन्हीकडे भरपूर आहेत."

बेबीने विजयी नजरेने जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाईंचं लक्षच नव्हतं.

"हे अस्तराचं," त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी होतं का?"

"बारा वर्षांपूर्वी? होतं की."

"मग मला कसं माहीत नाही?"

"ते हॉस्पिटलच वेगळं होतं," बाई म्हणाल्या. बेबीने हळूच विचारलं, "वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"डॉक्टर ह्यांच्याशी बोलले ना. मी बाहेर बाकावर होते. हे आले आणि म्हणाले, मंगळवारी काढायचीय." एवढं बोलून जाऊबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "डॉक्टर, परत सांगा. पहिल्यापासून. सावकाश."

बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. जाऊबाई मधेमधे विचारत राहिल्या. भूल कसली, दुखतं किती, बीजकोश राहतात का, आणि हे सगळं जिला करून घ्यायचंय तिला समजावायला किती वेळ लागतो. शेवटच्या प्रश्नाला बाई म्हणाल्या, "एवढाच." आयुष्यभर जगाला डावं-उजवं सांगणारी ही बाई स्वतःच्या पोटाच्या बाबतीत बाकावर बसून राहिली होती.

आता मी अस्तर म्हटलं, तर त्यांचं उगीच गेलं असं होणार. पिशवी म्हटलं, तर मी दया केली असं. पण का कोण जाणे, त्या दुसऱ्यांदा ऐकण्यात माझं मला उमगलं होतं. मी दोघींचाही विचार डोक्यातून काढला.

"काढूया," मी म्हणाले. "माझं पोट दुरुस्तीवर चालतं, डॉक्टर. तीच पिशवी घेऊन पुन्हा पुन्हा येणारी गिऱ्हाइकं मी रोज बघते. मला त्यांच्यातलं एक व्हायचं नाही."

तारीख ठरली. बेबीनेही मोठ्या मनाने मान डोलावली आणि मग आम्ही दोघी जाऊबाईंच्या "बघ, सांगत नव्हते?"ची वाट पाहू लागलो. जिन्यात ते आलं नाही. गाडीत बसलो तरी आलं नाही. त्यांनी पट्टा लावला, आरसा नीट केला आणि चावी तशीच हातात धरून बसून राहिल्या.

"मीही हेच सांगितलं असतं गं," जाऊबाई म्हणाल्या. "पण मला विचारायचं तरी होतं."