धुऱ्यावरचं गवत कोणी कापायचं

दौलतसिंगाचं तोंड बंद झालं तेव्हा तांड्यातल्या दोन-चार कानांना आधी बरंच वाटलं असणार. हा माणूस ओट्यावर बसून बोलायला लागला की खाली किन्हीराजा गावाच्या रस्त्यानं जाणारा सायकल थांबवून विचारायचा, भांडण कुठं लागलं म्हणून. आणि भांडण तरी कशावरून? शेतावरून नाही, भावकीवरून नाही. साता समुद्रापलीकडच्या दोन पहिलवानांनी एकमेकांना बुक्क्या मारल्या, त्यात कोणाची बुक्की खरी, यावरून!

गोमतीबाई, म्हणजे दौलतसिंगाची बायको, पाच वर्षं या भांडणाला शिव्या देत आली होती. आता तेच भांडण परत यावं म्हणून तिनं पोहरादेवीला नारळ बोलला होता.

पोळ्याच्या आठवड्यात दौलतसिंगाला अर्धांगाचा झटका आला. पंधरा दिवस अकोल्याच्या दवाखान्यात काढून तो घरी आला, उजवा हात लोंबता आणि जीभ जड. डॉक्टरीणबाईंनी गोमतीबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्यांना बोलता येतं. अडखळतील, पण जीभ चालवली पाहिजे. पहिल्या तीन महिन्यांत जेवढं बोलतील तेवढं पुढे सुधारेल. गप्प राहू देऊ नका." घरी आल्याच्या दिवशी पाहायला माणसं जमली. दौलतसिंगानं पाणी मागितलं. तोंडातून भलताच आवाज निघाला, आणि कोणीतरी बाईनं तोंडाला पदर लावला. हसली की रडली देव जाणे. त्यानं ते पाहिलं आणि ओठ मिटले ते मिटलेच. पाणी पाहिजे तर डाव्या हातानं तांब्या दाखवायचा. दसरा गेला, दोन महिने होत आले. गोमतीबाईनं विनवण्या केल्या, रागावून पाहिलं, एकदा तर मुद्दाम भाजीत मीठ टाकलं नाही. त्यानं ती गुमान खाल्ली. त्या दिवशी मात्र ती गोठ्यात जाऊन रडली.

आता भांडणाची गोष्ट सांगितली पाहिजे. लॉकडाऊनच्या वर्षी पोरगा वीरेंद्र पुण्याहून घरी येऊन बसला. तो तिथं एका जिममध्ये कामाला. त्यानं बापाला मोबाईलवर हेवीवेट बॉक्सिंग दाखवलं. शेजारचा शेतकरी इंद्रभान किन्हीराजाचा, त्याचं वावर दौलतसिंगाच्या वावराला लागून, मध्ये एक धुरा, म्हणजे बांध. तोही डोकवायला लागला. पंधरा दिवसांत दोघं असे पंडित झाले की वीरेंद्रालाच शिकवायला लागले.

वाद एकच. समोरच्याचा निकाल लावण्यात सगळ्यात मोठा कोण?

दौलतसिंग वाइल्डरचा भक्त. "निकाल म्हंजे एका बुक्कीत," तो म्हणायचा. "त्या ऑर्टिझसंगची दुसरी लढत पाह्य. सहा फेऱ्या मागं होता. सातव्या फेरीत एक उजवी बुक्की, अन् खलास! वीज काय आधी झाडाले दमवते?"

इंद्रभान उसिकचा. "वीज पडली तं पडली, नाई तं नाई. उसिकचं काम सोंगणीसारखं हाये. एक एक पात धराची, घाई कराची नाई, शेवटाले वावर खाली. त्या दुबुआले एकडाव नवव्या फेरीत पाडलं, दुसऱ्याडाव पाचव्यात. माणूस शिकून राह्यला, दौलत!"

मधून वीरेंद्र म्हणायचा, "अन् जोशुआ? क्लिट्स्कोले अकराव्या फेरीत संपवलं ना." मग मात्र दोघांची एकी व्हायची. "त्याले दुबुआनं आडवं केलं, चूप बस!" आणि वीरेंद्र चूप बसायचा.

पण सगळ्या वादाची गाठ एकाच ठिकाणी यायची. वाइल्डर आणि फ्युरीची पहिली लढत, बारावी फेरी. वाइल्डरनं फ्युरीला असा पाडला की उताणा, हात पसरलेले, मेला म्हणावं असा. दहा मोजेपर्यंत उठला नाही तर खेळ संपला, आणि रेफ्री मोजता मोजता नऊवर आला तेव्हा तो उठून उभा राहिला. दौलतसिंग म्हणायचा, पाडणं हाच निकाल, उठला तो त्याच्या नशिबाचा भाग. इंद्रभान म्हणायचा, समोरचा उठला म्हणजे निकाल लागलाच नाही. पाच वर्षांत यावर एकानंही माघार घेतली नाही.

माघार न घेण्याला कारण होतं. पहिल्याच वर्षी दोघांनी धुऱ्यावर उभं राहून पैज लावली: जो हार मानेल त्यानं धुऱ्यावरचं गवत कापायचं. म्हणजेच, ज्याचा विळा गवताला लागला तो हरला. झालं! पाच वर्षं त्या धुऱ्यावर विळा पडला नाही. कुंद्याचं गवत माणसाच्या डोक्यापर्यंत गेलं, त्यात सशांनी घरं केली. शेळ्यावाल्यांनी कापून नेतो म्हटलं तर दोघं काठ्या घेऊन धावले. मळणीयंत्र यायचं तर धुऱ्यावरून नाही, नाल्याकडून वळसा घालून यायचं आणि वळशाचं डिझेल दोघं मिळून द्यायचे. इंद्रभानची बायको तुळसाबाई म्हणायची, या गवताला माझ्यापेक्षा जास्त मान आहे. खोटं नव्हतं.

जुलैत उसिकनं दुबुआला दुसऱ्यांदा पाडलं तेव्हापासून इंद्रभानला चेव आला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी ओट्यावर दोघांची जुंपली ती भाकरी निवेपर्यंत. दुसऱ्या दिवशी दौलतसिंग गोठ्यात पडला. इंद्रभान दवाखान्यात एकदा येऊन दारातूनच परत गेला. नंतर तांड्याकडे फिरकलाच नाही.

शेवटी गोमतीबाईच त्याच्या वावरात गेली. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, झाली होती, इंद्रभान गंजीवर ताडपत्री ओढत होता.

"भाऊजी, तुमी काहून येत नाई?"

इंद्रभाननं मान खाली घातली. "कोणत्या तोंडानं येऊ, वयनी? मायाच भांडणानं झालं ते. म्या तेवढं ताणाले नोको होतं."

"डॉक्टरीणबाईनं सांगतलं, बीपीच्या गोळ्या सोडल्या होत्या त्याहिनं. तुमचा काय संबंध? तुमी या. अन् भांडा."

"भांडू? त्या माणसासंग? आता?"

"आताच," गोमतीबाई म्हणाली. "मायाशी बोलत नाई, फोनवर पोराशी बोलत नाई. तुमच्याशी भांडल्याबिगर त्याहिले राहवणार नाई."

इंद्रभाननं मान डोलावली. पण माणूस मुळात भला, आणि भल्या माणसाच्या हातून जेवढा घोळ होतो तेवढा वाईटाच्या हातून होत नाही.

दौलतसिंगाची बाज ओट्यावर असायची. तांडा उंचवट्यावर, वावर खाली, त्यामुळे बाजेवरून धुरा सरळ दिसायचा. तो दिवसभर त्या गवताकडेच पाहत असायचा. ऑक्टोबरच्या उन्हात त्याचे तुरे पांढरे झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गोमतीबाई चहा घेऊन आली तर नवरा बाजेवर अर्धा उठून बसलेला, डोळे फाटलेले. तिनं खाली पाहिलं. धुरा बोडका होता! या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी माती आणि बुडखे.

थोड्या वेळानं डोक्यावर गवताचा भारा घेऊन इंद्रभान चढ चढून आला. घामानं निथळत होता, हातांना कापलं होतं. त्यानं भारा ओट्याखाली टाकला आणि हात जोडले.

"दौलत, तू जिंकला. वाइल्डरच मोठा. पाच वर्षं म्या उगाच डोकं खाल्लं तुयं. पाह्य, धुरा साफ केला."

किती चांगुलपणानं म्हणाला! गोमतीबाईला आधी भरूनच आलं. मग तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं. पाच वर्षं ज्या विजयासाठी तो घसा फोडत होता तो समोर भाऱ्यानं बांधून पडला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा होता नव्हता तो रंगही गेला. तो हळूच आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. चहाला हात लावला नाही.

गोमतीबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पाठोपाठ रागही आला.

"भाऊजी, हे काय करून बसले तुमी?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "म्या तुमाले भांडाले बोलावलं होतं."

"त्याले बरं वाटावं म्हनून..."

"मेलेल्या माणसाले कोनीबी मोठा म्हणते! तुमी तं त्याहिले सरणावर ठेवलं. जित्या माणसासंग कोनी इतक्या लवकर हार मानते का?"

इंद्रभान खांबाला टेकून मटकन बसला. त्याला काही सुचेना. गोमतीबाईला मात्र सुचलं. ती आत गेली, पिठाची परात घेऊन आली, ओट्यावरच्या चुलीपुढे बसली आणि भाकरीचं पीठ मळत मोठ्यानं बोलायला लागली. तिनं या पहिलवानांची नावं कधी तोंडानं घेतली नव्हती. तिच्या लेखी वाइल्डर सुकड्या होता, उसिक फटीच्या दाताचा, आणि फ्युरी उंच्या. पण पाच वर्षं भाकरी थापताना कानावर पडलेलं कुठं जातं?

"मी म्हणते भाऊजी, तो फटीच्या दाताचा तं कधी कोनाले पाडतच नाई. नुसता नाचते."

इंद्रभानचं तोंड उघडलं. गोमतीबाईनं असे डोळे वटारले की ते तसंच मिटलं.

"हो... नुसता नाचते," तो कसाबसा म्हणाला. त्या बिचाऱ्याला उसिकबद्दल असं बोलताना काय वाटलं असेल, त्यालाच ठाऊक.

भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाचा डावा पाय हलला.

"अन् तो सुकड्या. तो तं सदा पॉइंटावरच जिंकत जाये ना?"

"पॉइंटावरच," इंद्रभान म्हणाला. आता त्याच्या ध्यानात आलं होतं.

बाजेची दोरी करकरली. दौलतसिंग उताणा झाला होता. कपाळावरची शीर फुगली होती. गोमतीबाई पीठ आणखी जोरात मळायला लागली, पण तिनं आवाज हलू दिला नाही. तिला ठाऊक होतं की आता नाही तर कधीच नाही.

"अन् तो उंच्या, बाराव्या फेरीत पडला तो. तो पुन्हा उठलाच नाई म्हणे. तिथंच खलास झाला."

वाइल्डरच्या भक्ताला याहून गोड खोटं दुसरं नव्हतं. कबूल केलं असतं तर पाच वर्षांचा वाद त्याच्या बाजूनं मिटला असता. मग दौलतसिंग डाव्या कोपरावर जोर देऊन उठायला लागला. गोमतीबाईला धावून हात द्यावासा वाटला. ती जागची हलली नाही. तो उठून बसला, तोंड वाकडं झालं, लाळ ओघळली, आणि आवाज फुटला.

"उ... उठला!"

परातीतलं पीठ परातीत राहिलं.

"नऊ... नऊवर उठला तो!" दौलतसिंगानं बाजेवर डावी मूठ आपटली. मग बायकोकडे पाहून, एक एक शब्द दगडासारखा उचलून, तो म्हणाला, "तुले... काई... समजत नाई!"

लग्न झाल्यापासून हे वाक्य तिनं हजारदा ऐकलं होतं आणि हजारदा तिचं डोकं फिरलं होतं. आज तिनं पिठाचे हात तोंडाला लावले आणि ती रडता रडता अशी हसायला लागली की भुवयांपर्यंत पांढरी झाली.

रडत इंद्रभानही होता. पण अस्सल वादी माणूस, संधी सोडतो थोडीच! तो उपरण्यानं नाक पुसत उभा राहिला. "कबूल केलं! वयनी, तुमी साक्षी! उठला म्हणते हा! मंग वाइल्डरनं निकाल कुठं लावला बे?"

"प... पडला होता ना!"

"पडला होता, पन उठला!"

"तं मंग... आधी पडला... तवाच ना उठला!"

इंद्रभान भाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ते जाऊ दे. हारला तू. हे गवत आता तुयं."

दौलतसिंगानं खाली बोडक्या धुऱ्याकडे पाहिलं. "हे... मोजाचं नाई," तो म्हणाला. "वाढू दे. पुढच्या पावसात... मी येतो तिथं. मंग पाहू... कोन कापते."

"चालत येशीन?"

"तुया... बापासारखा!"

"माया बाप तं काठीनं चाले!"

गोमतीबाई उठली. तिनं तो भारा उचलून गोठ्यात नेला, सोडला आणि बैलांपुढे टाकून दिला. इंद्रभाननं हार मानल्याचा पुरावाच शिल्लक नको. बैल खायला लागले. मागून ओट्यावरून आवाज येत होता, अडखळता, अर्धे शब्द गिळणारा, पण मोठा. खाली किन्हीराजाच्या रस्त्यावर कोणीतरी सायकल थांबवली आणि वर पाहून ओरडून विचारलं, "काय बाप्पा, भांडण कुठं लागलं?"

"आमच्याच घरी!" गोमतीबाईनं गोठ्यातून ओरडून सांगितलं.