आमेन म्हणेपर्यंत

आमच्या मंडळीतल्या बायका कशालाही घाबरत नाहीत, असं आम्ही गेल्या महिन्यात अधिकृतपणे जाहीर केलं. त्यासाठी बाहेरगावाहून एक वक्त्या बाई बोलावल्या, चर्चच्या सभागृहात 'निर्भय भगिनी सप्ताह' असा फलक लावला आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकीला निर्भय असल्याचं प्रशस्तिपत्र द्यायचं ठरलं. ते द्यायला अर्थातच पुरुष बोलावले. आपण निर्भय झालो की नाही, हे तपासून सही करणारं कुणीतरी नको का?

मी तिथे ऑर्गन वाजवते. प्रार्थना संपून 'आमेन' झालं की लगेच सूर धरायचा असतो, म्हणून प्रार्थनेत डोळे उघडे ठेवायची मुभा मला एकटीला आहे. त्यामुळे बाकीच्यांनी डोळे मिटल्यावर कोण चोरून घड्याळ बघतं, कोण डुलकी काढतं आणि कोण शेजारणीच्या नव्या चपला न्याहाळतं, हे देवाच्या खालोखाल मलाच ठाऊक.

वक्त्या बाईंचा आवाज असा, की माइकने लाजून बंद पडावं. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकीला आपली भीती चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाकायला सांगितली. मग तो खोका सगळ्यांसमोर जाळायचा होता. पण जाळण्याआधी आमच्या सचिवबाई सगळ्या चिठ्ठ्या वाचून काढणार, हे कुणाला सांगावं लागलं नाही. तेव्हा झुरळ, पाल, लिफ्ट आणि दाताचा डॉक्टर यांच्या पलीकडे कुणाचीच भीती गेली नाही. खोका जळला. वक्त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, बहुधा धुराने.

आमची खरी भीती त्या खोक्यात मावणारी नव्हती. ती दर रविवारी पहिल्या रांगेत बसते आणि तिला आम्ही कारभारी म्हणतो. सभागृह कुणाला द्यायचं, पाळकसाहेबांच्या घराचं गळकं छप्पर कधी दुरुस्त करायचं, ऑर्गन वाजवायला हीच बाई ठेवायची की दुसरी, सगळं त्यांच्या मर्जीवर. कोटाच्या खिशात हात घालून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत बोलायची त्यांना सवय. त्या जुडग्यात एक किल्ली त्यांची नव्हती. ती त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोच्या बेकरीची होती.

या भावजयीला आम्ही हळूबाई म्हणतो, कारण ती बोलते तेव्हा तिच्या शेजारचीलासुद्धा ओठांवरून अंदाज घ्यावा लागतो. बेकरी दोघा नवराबायकोच्या नावावर. पीठ मळायची ती, भट्टी सांभाळायची ती, गल्ल्यावर बसून गप्पा मारायचा नवरा. तो गेला त्या दिवशी, दफनभूमीतून परतताना कारभाऱ्यांनी "तुझं मन थाऱ्यावर येईपर्यंत माझ्याकडे राहू दे" म्हणून किल्ली मागून घेतली. तिचं मन थाऱ्यावर आलं, किल्ली काही आली नाही. आता तर त्यांनी तिथे गोदाम करायचं ठरवलं होतं आणि सोमवारी भट्टी फोडायला माणसं यायची होती. मंडळीत हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही तिच्यासाठी प्रार्थनाही केली, की हे निमूटपणे सोसायचं बळ तिला मिळो. आमच्या प्रार्थना अशा अतिशय सोयीच्या असतात.

आता साखळी प्रार्थनेचं सांगायला हवं. आम्ही गोल करून हात धरून बसतो आणि एकीमागून एक मोठ्याने प्रार्थना करतो. जिला बोलायचं नसेल तिने शेजारणीचा हात हळूच दाबायचा, की पाळी पुढे जाते. डोळे मिटलेले असल्यामुळे अब्रू झाकलेली राहते. एकदा तर सगळ्यांनीच हात दाबले आणि पाळकीणबाईंनी सुरू केलेली प्रार्थना अख्खी फेरी मारून मुक्यानेच त्यांच्याकडे परत आली. त्यांनी बिचाऱ्यांनी पुन्हा एकदा तीच केली, या वेळी थोडी लांबवून.

हळूबाईने तर आजवर फक्त हातच दाबला होता. तिच्या डाव्या हाताला नेहमी तिची मोठी जाऊ, म्हणजे कारभारीणबाई, आणि तीही दाबणारीच. दोघी जावा वर्षानुवर्षं एकमेकींशी अशा हातानेच बोलत आल्या होत्या.

शनिवारी संध्याकाळी मी हळूबाईकडे गेले. दार लोटलेलं होतं आणि आतून कुणीतरी कुणालातरी चांगलंच फैलावर घेत होतं. मला वाटलं, चुकीच्या घरी आले. डोकावून पाहिलं तर हळूबाई ओट्यापाशी कोपरापर्यंत पिठात हात घालून एकटीच उभी.

"तू सगळं बघतोस ना? मग हे नाही दिसत तुला? बेकरीत खमिराची बरणी आहे माझी, सासूबाईंच्या हातची! तिला पीठपाणी कोण घालणार, तू?" असं म्हणून तिने कणकेचा गोळा ओट्यावर असा आपटला की वाट्या हलल्या.

मला बघून तिचा आवाज पार जमिनीला लागला. "प्रार्थना करत होते, ताई."

"याला प्रार्थना म्हणतात? अगं, मला वाटलं दूधवाल्याशी भांडतेयस."

"मळताना अशीच करते मी. सवय आहे."

"प्रभूला असं झाडतेस आणि दिरासमोर तोंडातून ब्र निघत नाही?"

ती बोटांचं पीठ सोडवू लागली. "प्रभू ऐकून घेतो. मधेच तोडत नाही. भाऊजींसमोर मी 'ते' म्हणेपर्यंत त्यांचं बोलून झालेलं असतं. मग मलाच वाटतं, माझंच चुकत असेल. मला कुठे काय कळतं."

हे मात्र ऐकून मला रडू आलं. ज्या बाईच्या पावावर निम्मी गल्ली वाढली, तिला वाटतं मला काय कळतं. मी तिला वक्त्या बाईंचं एक वाक्य ऐकवलं, उंच भरारीबद्दल. तिने ते ऐकून घेतलं आणि मला पीठ चाळायला लावलं.

जाताना तिने दारात विचारलं, "ताई, प्रार्थना चालू असताना मधेच कुणी थांबवतं का गं?"

"छे! कारभाऱ्यांच्या प्रार्थनेत लोक घोरलेत, पण थांबवलं नाही कुणी. आमेन होईपर्यंत हलायचं नाही, हा नियमच आहे."

"आणि आमेन?"

"ज्याची प्रार्थना त्याचं आमेन."

"हं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

रविवारी समारोप. टेबलावर प्रशस्तिपत्रांचा गठ्ठा, मागे चहाची किटली, आणि पाहुणे म्हणून कारभारी. त्यांनी भीतीवर मात करण्याबद्दल चार शब्द सांगितले. स्त्रीने कणखर असावं, पण घरच्यांचं ऐकून, असा एकूण सूर. मग पाळकीणबाईंनी शेवटची साखळी प्रार्थना जाहीर केली. टेबलाभोवती गोल केला, त्यात पाहुण्यांनाही घेतलं. हळूबाई, तिच्या डावीकडे मोठी जाऊ, जावेच्या डावीकडे कारभारी. बाकीच्या बायकांनी आपापली झुरळं प्रभूच्या चरणी वाहिली आणि पाळी हळूबाईवर आली. जावेने सवयीने हात दाबून घ्यायची तयारी ठेवली होती.

हात दाबला गेला नाही.

"प्रभू," हळूबाई म्हणाली, आणि तो आवाज ओट्याजवळचा होता. "काल अर्धंच बोलणं झालं आपलं. उद्या माझी भट्टी फोडणार आहेत. बेकरी माझी आहे, हे तुला माहीत आहे. किल्ली भाऊजींच्या कोटाच्या उजव्या खिशात आहे, हेही तुला माहीत आहे. इथे बसलेल्या सगळ्यांनाच माहीत आहे, पण त्यांचे डोळे मिटलेले आहेत."

डोळे मिटलेलेच होते, पण सगळ्यांनी जिवाचा कान केला होता. कारभाऱ्यांचे डोळे सताड उघडे.

"मी घाबरते त्यांना. आत्तासुद्धा माझे पाय कापतायत, खोटं कशाला बोलू? पण मी त्यांच्याशी बोलतच नाहीये. तुझ्याशी बोलतेय. आणि तुझ्याशी बोलताना मला आजवर कधी भीती वाटली नाही."

"आमेन!" कारभारी गरजले.

अर्ध्या बायकांच्या तोंडून सवयीने आमेन निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. आता ऑर्गनचा सूर आला की प्रार्थना संपली. पाळकीणबाईंना गळकं छप्पर आठवलं असावं, कारण त्या माझ्याकडे बघून मानेने जोरजोरात खुणा करू लागल्या. वाजव, वाजव. कारभारीही माझ्याकडेच बघत होते. माझी पाचावर धारण बसली. ऑर्गनवाल्या बाया काय, त्यांना पुष्कळ मिळाल्या असत्या.

मी डोळे मिटून घेतले. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात, हे मला इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं.

"माझं झालं नाही अजून," हळूबाईचा आवाज आला. "किल्ली मिळेपर्यंत मी काही आमेन म्हणत नाही, प्रभू. मला घाई नाही. आज घरी स्वयंपाकही नाही. पुष्कळ दिवसांचं साठलंय, तेव्हा क्रमाने सांगते. बेकरीचं झालं. आता सासूबाईंना शेवटी मागच्या खोलीत कुणी ठेवलं होतं आणि त्यांच्या बांगड्या..."

खळ्ळकन आवाज झाला. टेबलावर, गठ्ठ्याच्या आसपास कुठेतरी. मग जुडग्यातून एक किल्ली सोडवताना होते तशी खटपट, आणि मग लाकडावरून काहीतरी सरकवल्याचा आवाज.

"बांगड्यांचं राहू दे सध्या," हळूबाई म्हणाली. "तुझे उपकार, प्रभू. आमेन."

मी डोळे उघडले. हळूबाई घामाने भिजली होती आणि तिच्या पदराच्या टोकात किल्ली होती. मी ऑर्गनवर बोटं ठेवली. पण साखळी अजून पुरी व्हायची होती. पाळी आता मोठ्या जावेची. तिच्यानंतर शेवटची कारभाऱ्यांची, मग चहा, मग सुटका, म्हणून त्यांनी बायकोच्या हातातला आपला हात ताठ धरला आणि ती दाबायची वाट बघत डोळे गच्च मिटले.

कारभारीणबाईंनी नवऱ्याचा हात दाबला नाही. सोडून दिला. खुर्चीत जरा ऐसपैस बसल्या, पदर नीट केला, घसा खाकरला.

"प्रभू," त्या म्हणाल्या, "मला जरा वेळ लागेल."

मी ऑर्गनवरची बोटं काढून घेतली.