रकान्यातलं ‘नाही’

पंचशीलाबाईचं अक्षर लई देखणं होतं. त्या अक्षरानंच घात केला.

लातूरला एका क्लासचं पोरींचं वसतिगृह होतं, तिथली खानावळ ती सांभाळायची. पावणेदोनशे पोरी! कुणी किनवटची, कुणी देगलूरची, अन् सगळ्यांना डॉक्टरच व्हायचं. देशात पेशंट पुरतील का नाही, अशी काळजी वाटावी. आचारी होता नासिर. पन्नाशीला टेकलेला, बोलायला कमी, पण हाताला अशी चव, की नव्यानं आलेली पोरगी पहिले आठ दिवस रडायची अन् नवव्या दिवशी त्याच्याकडं आणखी एक भाकरी मागायची.

नासिरनं पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं. “बाई, मी तीन साल जेलमदी होतो. भूकंपाच्या वक्ताला टेम्पो चालवायचो. शेडसाठी आलेले पत्रे मुरुडच्या एका दुकानदाराला इकले. सैपाक आतच शिकलो, पाचशे माणसांचा.”

पंचशीलाबाईचं डोकंच फिरलं. तिचं गाव औशाकडचं, त्याच भूकंपात पडलेलं. आई ढिगाऱ्याखाली गेली. पत्रे येतात, पत्रे येतात म्हणत तिनं चार महिने ताडपत्रीखाली काढले होते. तिनं त्याला नाही नाही ते बोलून घेतलं. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं. एकदाही “पण” म्हणाला नाही. बोलून बोलून ती दमली, पाणी प्याली, अन् म्हणाली, “उद्या पहाटं पाचला येता का?”

पाच वर्षं तो पाचलाच येत होता. तिच्याशिवाय ही गोष्ट तिथं कुणाला ठाऊक नव्हती.

मग कुठल्याशा दुसऱ्या वसतिगृहात काही भानगड झाली, पालकांनी बैठकीत गलका केला, अन् क्लासचे मालक विरूपाक्ष सर यांनी फर्मान काढलं. झाडूवालीपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांनी फॉर्म भरायचा, तो पोलिसांकडं पडताळणीला जाणार. त्यात एक रकाना होता : पूर्वी गुन्हा दाखल झाला आहे काय? असल्यास तपशील.

सगळ्यांचे फॉर्म पंचशीलाबाईच भरायची. नासिर शिकलेला उर्दू शाळेत, मराठी बोलायचा फर्डी, पण वाचता येत नव्हती. तो समोर बसून म्हणाला, “सगळं लिवा, बाई. सालासकट लिवा. लपवायचं काई न्हाई.”

“हाव, हाव,” ती म्हणाली, अन् रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं, ‘नाही’.

आता हिला काय म्हणावं! पण ती काही लबाड बाई नव्हती. भूकंपानंतर गावात दहावी शिकलेली ती एकटी. अख्ख्या गावाचे मदतीचे फॉर्म तिनंच भरले होते. गावातल्या ज्ञानोबानं खरंखुरं सांगितलं की घराची एक भिंत अजून उभी आहे, तर बिचाऱ्याचं नाव शेडच्या यादीत पार तळाला गेलं. बाकीच्यांनी सगळं घर पडलं म्हणून लिहिलं, ते सुखानं शेडमध्ये राहायला गेले. तेव्हापासून तिची पक्की समजूत झाली होती, कागदाला खरं पचत नाही. कागदाला जे हवं तेच त्याच्या तोंडी घालायचं. तिनं नासिरच्या भल्यासाठीच लिहिलं, देवाशप्पथ भल्यासाठीच.

“करा सही,” ती म्हणाली. त्यानं उर्दूत सही केली.

महिन्याभरानं पोलिसांकडून कागद परत आला, जुन्या शिक्षेच्या नोंदीसकट. सरांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं.

“नासिर, तू आत जाऊन आलास, त्याचं मला काही नाही,” सर म्हणाले. “शिक्षा भोगली, संपलं. म्हणून तर ‘तपशील’ विचारला होता. लिहिलं असतंस तर पालकांना मी तोंड दिलं असतं. पण तू खोटं लिहिलंस. खोटं बोलणाऱ्याच्या हातचं मी पोरींना कसं खाऊ घालू? हे तूच लिहायला लावलंस ना?”

नासिरनं एकदा पंचशीलाबाईकडं बघितलं. तिचा नवरा घरी अंथरुणाला खिळलेला, लेक धम्मप्रियाचं बारावीचं वर्ष, नोकरी गेली तर? तिनं खाली फरशीकडं बघितलं.

“सही माझीच हाय, सर,” नासिर म्हणाला.

दुपारी तो पिशवी घेऊन निघाला. ती फाटकापर्यंत गेली. “नासिरभाई, का नाही सांगितलं?”

“माझ्यावर एक डाग हायच की, ताई. तुमच्यावर न्हाई. कशाला लावून घेता?”

अकरा दिवस तिला घास गेला नाही. बाराव्या दिवशी ती केबिनमध्ये शिरली अन् उभ्या उभ्या सांगून टाकलं, “सर, ते ‘नाही’ मी माझ्या मनानं लिहिलं. तो खरं लिवा म्हणत होता. मला काढून टाका, पण त्याला बोलवा.”

सरांनी चष्मा काढला.

“असं होय? अहो बाई, चांगल्या मनानं केलंत. होतं असं. पुढच्या वेळी नीट भरा.” त्यांनी चष्मा परत चढवला. “त्याला मात्र आता नको. पालकांमध्ये बोभाटा झालाय, अन् नवा आचारीही घेतलाय. जा, पोरींची जेवणाची वेळ झाली.”

एवढंच. जिच्या हातानं खोटं लिहिलं तिला चहा पिऊन जा म्हणायचंच काय ते बाकी होतं. ज्यानं खरं सांगितलं तो घरी बसला होता. पंचशीलाबाईला वाटलं, यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नासिर देगलूरला मेव्हण्याकडं गेला होता, तिथल्या दुकानावर तिनं फोन लावला.

“काम मिळालं का, नासिरभाई?”

“बघून राहिलो. आधीचं का सुटलं म्हून विचारतात. सांगतो खरं ते.” मग त्यानंच विचारलं, “तुमी ठीक हाव ना?”

“मी सरांना सगळं सांगितलं.”

“या अल्ला! कशाला सांगितलं? काय म्हणले?”

खरं सांगायला तिनं तोंड उघडलं, पण ते सांगवेना. काहीच म्हणाले नाहीत, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

“लई बोलले,” ती म्हणाली. “लई रागावले माझ्यावर.”

पलीकडं नासिर हळहळला. “माझ्यापायी तुमाला बोलणी खावी लागली, ताई,” तो म्हणाला. “माफ करा मला.”