अध्यक्षांना कोणी नेईना

तळवड्याच्या अरुणोदय सार्वजनिक वाचनालयाचे अध्यक्ष दौलतराव यांनी बावीस वर्षांत तिथलं एकही पुस्तक उघडलं नव्हतं, आणि त्याबद्दल ग्रंथपाल विजयश्रीची काडीची तक्रार नव्हती. अध्यक्षानं पंधरा ऑगस्टला झेंडा फडकवावा, नारळ फोडावा आणि घरी जाऊन जेवावं. खरी पंचाईत झाली ती दौलतरावांनी स्वतःच पुस्तक व्हायचं ठरवलं तेव्हा.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक हॉल आहे. दर शनिवारी चार ते सहा तिथं आठवी ते बारावीची पोरं जमत. विजयश्रीनं दोन वर्षांपूर्वी हे सुरू केलं तेव्हा सात जण यायचे, त्यातले चार निव्वळ पंख्यासाठी. आता चाळीस झाले होते. कधी नाटुकलं बसवायचे, कधी बंद पडलेला मिक्सर उघडून परत जोडायचे (जोडून झाल्यावर दोन स्क्रू हटकून उरायचे), कधी नुसतेच भांडायचे. आईबाप दोघंही शिफ्टला, घर म्हणजे एक खोली, तिच्यात दोन भावंडं आणि पाण्याचं पिंप. अशा पोरांना मोठ्या आवाजात भांडायला हक्काची जागा मिळणं ही चैनच. विजयश्री स्वतः परभणीहून आलेली, नवरा चाकणला एका कंपनीत. ही एक खोली काय असते, ते तिला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

या हॉलवर दौलतरावांच्या पुतण्याचा, रविराजचा डोळा होता. त्याला तिथं जिम काढायची होती. दंड फुगवून तो फोटो काढायचा, ते बघणाऱ्यांचीही सोय व्हावी असा त्याचा उदात्त हेतू. मासिक सभेत दौलतराव म्हणाले, "पोरं नुस्ता दंगा करत्यात, बाई. काय समाजकार्य होत आसंल तर या शनिवारी गाव बोलवा आन् दावा. जमलं तर ऱ्हाऊ द्या. न्हाईतर सोमवारपासनं हॉल रविराजचा."

विजयश्रीला दोन दिवस घास गोड लागेना. मार्ग काढला तो दहावीतल्या करिष्मानं. करिष्मा पॉवरप्रेसच्या कामगाराची मुलगी. जिभेला अशी धार की बापानं कारखान्यात नेली असती तर पत्रा कापला असता. तिनं कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं, की पुस्तकांऐवजी माणसं इश्यू करतात. माणूस खुर्चीत बसतो, वाचक त्याच्यासमोर बसतो आणि वीस मिनिटं काय हवं ते विचारतो. पोरांनी एका दुपारीत नियम लिहून काढले. वाचक विचारील तेवढंच बोलायचं. भाषण बंद. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर पुस्तकानं 'पान फाटलंय' म्हणायचं. एका शनिवारी एका पुस्तकाला तीनच वाचक, कारण पुस्तकंही दमतात. आणि वाचकाच्या गळ्यात पुस्तक बळंच मारायचं नाही.

पुस्तकं मिळायला वेळ लागला नाही. छबूबाई भोसरीच्या एका वर्कशॉपात मशीनवर होत्या. त्यांनी आपल्या पुस्तकाला नाव दिलं, 'साडेनऊ बोटं'. देहूरोडच्या दारूगोळ्याच्या कोठारातून निवृत्त झालेल्या मुकुंदरावांचं नाव होतं, 'मी कधी शिंकलो नाही'. आयटीतून घरी बसलेल्या शार्दूलचं, 'पॅकेज गेलं, पोट राहिलं'. विजयश्रीला वाटलं, जमणार. आणि गुरुवारी दौलतरावांचा फोन आला.

"आमचंबी नाव लिवा. 'तळवड्याचा विकास : एक झंझावात'."

शनिवारी झंझावात साडेतीनलाच येऊन बसला. पांढरा कडक नेहरू शर्ट, कपाळाला गंध, आणि न जाणो, कुणी विसरलं तर म्हणून शाल घरूनच आणलेली.

"दीपप्रज्वलन कधी?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, आज नाही," विजयश्री म्हणाली. "आज तुम्ही पुस्तक आहात."

"बरं. सत्कार?"

करिष्मा म्हणाली, "अण्णा, पुस्तकाचा सत्कार नसतो. पुस्तकाला पाठीमागं नंबर असतो." आणि तिनं त्यांच्या खांद्याला चार नंबरचं लेबल चिकटवून टाकलं.

चार वाजता गाव आलं. खरंच आलं. पहिल्या शिफ्टची माणसं अजून गणवेशात होती, बायका पोरांना कडेवर घेऊन, कॉलनीतली म्हातारी मंडळी स्वतःच्या घडीच्या खुर्च्या घेऊन. छबूबाईंचे तिन्ही वाचक पाच मिनिटांत भरले. मुकुंदरावांपुढे बारा जण, त्यातून तीन निवडायला चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. शार्दूललासुद्धा एका आजीबाईंनी नेलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "लग्न झालंय का?" शार्दूल म्हणाला, "पान फाटलंय." हॉल हसला.

दौलतरावांना कोणी नेईना.

सव्वाचार झाले. त्यांनी शाल एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. साडेचार झाले. त्यांनी घसा साफ केला, न जाणो कुणाला ऐकू येईल. लोक त्यांच्यासमोरून जाताना हात जोडत, 'रामराम अण्णा' म्हणत आणि पुढच्या खुर्चीकडे सरकत. झंझावात कुणाला नको होता. बावीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमात तो सगळ्यांना फुकट मिळालाच होता. दाराशी रविराज उभा होता, हॉलच्या भिंतींकडे अशा नजरेनं बघत, की ट्रेडमिल इकडे लावू का तिकडे. अध्यक्ष आज तसेच कोरे घरी गेले, तर सोमवारी कुलूप बदलणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ती इश्यूच्या टेबलाशी गेली आणि हळूच म्हणाली, "करिष्मा, एखाद्याला सांग ना गं. अण्णांना घ्या म्हणावं. वीसच मिनिटं."

"मॅडम, बळंच गळ्यात मारायचं नाही, नियम आहे."

"नियमाला काही अपवाद?"

"मी तीन जणांना विचारलं," करिष्मानं कबूल केलं. "एक म्हणाला, त्यापेक्षा गणित करतो."

विजयश्री मग स्वतःच निघाली. आपण वाचक होऊ, मरू दे, वीस मिनिटं विकास ऐकू. तेवढ्यात जिन्यावरून मंजुळाबाई वर आल्या. दौलतरावांच्या पत्नी. वाचनालयाची पायरी त्या पहिल्यांदाच चढत होत्या, तीही अध्यक्ष बीपीची गोळी घरी विसरले म्हणून.

त्यांनी गोळीची डबी नवऱ्याच्या हातात ठेवली, खांद्यावरचं लेबल बघितलं, आणि करिष्माला विचारलं, "ह्यो काय परकार हाय?"

करिष्मानं दोन वाक्यांत सांगितला.

"आन् ह्यांना कुनी नेलं?"

करिष्मानं नोंदवहीतला चार नंबरचा कोरा रकाना दाखवला. मंजुळाबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. कपाळाचं गंध घामानं ओघळलं होतं. मग त्यांनी पदर खोचला.

"द्या मला."

"आजी, तुमचं कार्ड नाही ना. कार्ड नसेल तर इथंच बसून वाचावं लागेल, बाहेर नेता येणार नाही."

"भाईर कुटं नेऊ? घरीच तर पडलेलं असतंय."

हॉलमध्ये हशा पिकला. दौलतराव कसनुसे हसले. अखेर कोणीतरी नेलं होतं, पण हे म्हणजे स्वतःच्या दुकानात स्वतःच गिऱ्हाईक होण्यासारखं होतं. त्यांनी सुरुवात केली, "तर तळवड्याचा विकास..."

"भाषण बंद हाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "मी इचारते. जमिनीच्या कागदावर सही केली, त्या दिशी दुपारभर तुमी कुटं होता?"

दौलतरावांची शाल घसरली. "वकिलाकडं. एकोणीस वर्सं सांगतोय."

"मंग लेंग्याला शेण कसं लागल्यालं? वकील गोठ्यात बसतो व्हय?"

आता हॉलमधली प्रत्येक मान त्या खुर्चीकडे वळली. छबूबाईंचा वाचक छबूबाईंना तसंच सोडून उठला, आणि छबूबाईही त्याच्यामागं आल्या. विजयश्रीला हसू फुटत होतं, पण ते दाबावं लागत होतं. अध्यक्ष भर गावात चिडून उठले, तर हॉल सोमवारी कशाला, आजच गेला.

"पान फाटलंय," दौलतराव म्हणाले.

"फाटल्यालं न्हाई. तुमी दुमडून ठिवलंय. उघडा."

दौलतरावांनी गोळीच्या डबीचं झाकण उघडलं, परत लावलं. मग बोलले ते भाषणाच्या आवाजात नाही. हा आवाज विजयश्रीनं एकाही पंधरा ऑगस्टला ऐकला नव्हता.

"बाराला सही झाली. खिशात एवढं पैसं मी कधी बघितलं नव्हतं. चाकणचा बाजाराचा दिस. आमच्या बाची सवय, हातात पैसा आला की पयलं जनावर बघायचं. पाय आपोआप तिकडं गेलं. एक जोडी उभी व्हती. पांढरी, चारदाती, ऐन उमेदीतली. मी दात बघितलं, पाठीवरनं हात फिरवला. घासाघीस केली. आन् घेतली."

"काय घेतलं?" रविराजनं दारातून विचारलं.

"बैलं! दुसरं काय घेत्यात बाजारात?" दौलतराव त्याच्यावर खेकसले. मग पुन्हा आवाज उतरला. "कासरा धरून निघालो. म्हाळुंगं गेलं, खालुंब्रं गेलं. लोकं रस्त्यात थांबून बघत व्हती, जोडीच तशी. लय आनंद झाल्ता मला. घरी तू ओवाळशील, मंग सकाळी खालच्या पट्टीत नांगर घालू, असं सगळं ठरवलं. येलवाडीपत्तुर आलो आन् ध्यानात आलं."

"काय?"

"जमीन इकली की."

काही पोरं हसली. मागच्या रांगेत शिफ्टवरून आलेली जी पन्नाशीची माणसं होती, बार्शीची, केजची, खेडची, शेती मागं टाकून आलेली, त्यांच्यातलं कोणी हसलं नाही.

"बैलांचं काय केलं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"पुलावर खेडकडचा एक माणूस भेटला. त्याच्या हातात कासरा दिला. म्हनलं, ने. त्याला वाटलं मला ऊन लागलंय. त्यातला एक बैल जाईना, माझ्याच मागं यायला लागला. त्याला ढकलताना लेंगा भरला."

मंजुळाबाईंनी डोक्याला हात लावला. "आरं देवा! मला वाटलं तुमी देहूरोडच्या त्या दूधवालीकडं जाता. म्हशीवाल्या बाईकडं. एकोणीस वर्सं मी तिच्याशी बोलले न्हाई. तिचं दूध बंद केलं, बिचारीचं!"

यावर हॉल असा हसला की खालच्या मजल्यावरून पेपर वाचणारे दोघं वर आले. दौलतराव स्वतः हसले, डोळे पुसत हसले. हसू ओसरल्यावर मंजुळाबाई म्हणाल्या, "मला का न्हाई सांगितलं?"

"तू हसली असतीस."

"हसले असते. मंग तुमच्याशेजारी बसून रडलेबी असते. मला काय त्या जमिनीचं वाईट वाटलं नव्हतं? माझी सही घ्यायला आलात तवा मी भाकरी थापत व्हते. पिठाच्या हातानं अंगठा लावला. सही येती मला. तुमी इचारलं न्हाई."

या वेळी दौलतराव 'पान फाटलंय' म्हणाले नाहीत. करिष्मानं घंटी वाजवायला हवी होती, वीस मिनिटं होऊन गेली होती. तिनं घंटी हातात तशीच धरली होती.

शेवटी मंजुळाबाईच उठल्या आणि टेबलाशी आल्या. "पोरी, म्होरच्या शनिवारी माझं नाव लिव."

"पुस्तकाचं नाव काय, आजी?"

"'कुनी इचारलंच न्हाई'."

विजयश्रीनं नोंदवही उघडायच्या आत रांग लागली. छबूबाई पहिल्या, मुकुंदराव दुसरे, मागोमाग त्या पन्नाशीच्या माणसांच्या बायका, एकमेकींना कोपरानं ढकलत. विजयश्री नावं लिहीत होती, पण म्होरचा शनिवार हे शब्द तिनं अध्यक्षांच्या तोंडून अजून ऐकले नव्हते. रांगेच्या शेवटी कोणीतरी उभं राहिलं. तिनं मान वर केली. दौलतराव. खांद्यावर अजून चार नंबर.

"आमचंबी लिवा," ते म्हणाले.

"काय लिहू, अण्णा?"

"वाचक म्हणून. हिला न्यायचंय."

विजयश्रीनं सभासदत्वाचा फॉर्म त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो बसून भरला, एकेक रकाना, जीभ दातात धरून. करिष्मानं नोंदवहीत नंबर टाकला. "अकरावा, अण्णा. शनिवारी तीनच वाचक. म्हणजे तुमची पाळी चौथ्या शनिवारी."

"अगं, मी नवरा हाय तिचा!"

"वाचनालयात पुस्तक नात्यानं मिळत नाही. नंबरानं मिळतं."

दौलतरावांनी बोटांवर चार शनिवार मोजले. मग दाराकडे वळून म्हणाले, "रविराज, जिम तुझ्या गच्चीवर काढ. हॉल लागणार हाय."

रविराजला हे काही झेपेना. "अण्णा, अहो, काकू तर घरातच असते ना. काय विचारायचंय ते घरी जाऊन विचारा की."

"घरातच व्हती," दौलतराव म्हणाले. "चाळीस वर्सं. कुटं इचारलं?"