मोघम निरोप

डॉक्टरांनी सीतालक्ष्मीला बाहेर बोलावून सांगितलं, "मुलाला आजच बोलावून घ्या." ती पद्मनाभरावांच्या खाटेपाशी परतली आणि नवऱ्यासमोरच तिने श्रीपेरुंबुदूरला फोन लावला. कार्तिकेय तिथे मोटारींच्या कारखान्यात होता.

"अप्पांना जरा बरं नाही रे. सवड झाली की ये."

"जरा म्हणजे किती, अम्मा? रसमला मीठ नसलं तरी तुझं जराच! असं व्हेग नको बोलूस."

"व्हेग म्हणजे?" फोनवर हात ठेवून तिने नणंदेला विचारलं.

"मोघम, वहिनी," विद्युलता म्हणाली. "ना धड हो, ना धड नाही. साफ सांगा ना त्याला!"

"बरे होतीलच," सीतालक्ष्मी फोनमध्ये म्हणाली.

"सरी, ठीक आहे. मग रविवारी येतो."

अभद्र बोलायची तिच्या जिभेला सवयच नव्हती. पद्मनाभराव नुंगंबाक्कमच्या कचेरीतली नोकरी सांभाळून जन्मभर देवळांतून कीर्तनं करत आले. मागे झांज तिची. कथेत कुणाचा अंत आला की ते चिपळ्या थांबवत, "पुढे व्हायचं ते झालं," एवढंच म्हणत आणि थेट समाप्तीचं मंगळ गायला घेत. श्रोत्यांनी रडत घरी जाऊ नये, हा त्यांचा नेम. केवढी माया त्या नेमात! पण देवा, ती कीर्तनातच शोभते.

दुपारी श्वास जड झाला. "कार्तिकेय?" पद्मनाभरावांनी विचारलं.

"येतोय."

"कधी?"

तिने पुन्हा फोन लावला. बंद. पाळीवर जाताना फोन फाटकावर जमा करावे लागतात, हे तिला आत्ता आठवलं. मग तिने आवाजातच निरोप धाडला, "कार्तिकेया, अप्पा मरतायत. रविवारपर्यंत राहणार नाहीत. आत्ता ये."

वळून पाहते तर पद्मनाभराव टक्क जागे.

"आज?"

"हो," ती म्हणाली.

"मला कुणी बोललंच नाही गं." त्यात राग नव्हता. "त्याला सांगायचं होतं... फोन दे."

तिने पुन्हा निरोप चालू करून फोन त्यांच्या ओठांपाशी धरला. ओठ बराच वेळ हलत राहिले. मग थांबले.

पाळी सुटल्यावर कार्तिकेयने कंपनीच्या बसमधून फोन केला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"अम्मा, निघालोय. दुसऱ्या निरोपात नुसता श्वास ऐकू येतो. काय म्हणतायत अप्पा?"

"कळलं नाही, राजा," ती म्हणाली. "अप्पा गेले."