दोन इमारतींमधलं अंतर

आगीच्या चाचण्या घ्यायच्या शेडमध्ये दोन चारमजली इमारती समोरासमोर उभ्या होत्या, खऱ्याच्या एक दशांश. खोल्याखोल्यांत लाकडाच्या कांड्या रचलेल्या, खिडक्यांना पडद्यांच्या चिंध्या. त्या उभ्या करणारी इंजिनिअर मात्र सकाळपासून धुमसत होती.

जळालेल्या वस्तीच्या जागी नवी घरं व्हायची होती. तिची मावशी त्याच वस्तीतली. आग लागल्यापासून पत्र्याच्या खोलीत दिवस काढत होती. घरं जास्त बसावीत म्हणून दोन इमारतींमधलं अंतर कमी धरलं होतं, आणि तेवढं पुरतं हे समितीला दाखवायचं काम हिच्या गळ्यात पडलं. आधीच्या प्रत्येक चाचणीत समोरची इमारत पेटली होती. तेव्हा साहेबांनी, तिला हे काम शिकवणाऱ्या साहेबांनीच, समोरच्या खिडक्यांना फळ्या ठोकायला सांगितलं.

"उकाड्यात लोक खिडक्या बंद करून बसतात का, साहेब?"

साहेब म्हणाले, सांगितलंय तेवढं कर.

समिती खुर्च्यांवर टेकली. तिने पुढे होऊन फळ्या उचकटल्या आणि साहेब काही बोलायच्या आत पहिल्या इमारतीला काडी लावली.

ज्वाळा बाहेर झेपावल्या, पण समोर पोचल्या नाहीत. साहेबांचा जीव भांड्यात पडला. इतक्यात समोरचा पडदा नुसत्या धगीने तपकिरी झाला, धुरकटला आणि भडकला. मग वरचा मजला.

नकाशात अंतर वाढलं, तशी जागा कमी पडली. पण मोटारींसाठी राखलेल्या जागेला हात लावायला समिती तयार होईना. समितीने एक इमारतच रद्द केली. मावशीचं घर त्याच इमारतीत होतं.

मावशीने तिला दारातच धरलं. "तुझ्या खेळण्यातल्या घरांपायी माझं खरं घर गेलं गं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीवर नव्हे. "माणसांना जागा नाही आणि मोटारींना आहे, मावशी. चल, तिथेच जाऊन बसू."

मावशीने अख्खी वस्ती गोळा केली. मोटारींच्या जागेवर चुली पेटल्या, दोऱ्यांवर कपडे वाळू लागले, आणि समितीचं कुणी आलं की मावशी अशी काही तोंडाचा पट्टा सोडी की माणूस आल्या पावली परते. शेवटी रद्द झालेली इमारत त्याच जागेवर मंजूर झाली.

इंजिनिअरची मात्र साहेबांनी शेडमधून उचलबांगडी केली. आता ती कोठारात खिळे-पत्रे मोजते. साहेब जिन्यात भेटले की हसतात. ती वाट सोडत नाही; त्यांनाच भिंतीला चिकटून जावं लागतं.